पोपटरावांचा मणका आणि वीणेचा पहारा

हां, मृदंगवाले, जरा दमानं. टाळकरी मंडळी, टेका. आणि ते खांबाआडचे काका, पुढं या! तिथं झोप चांगली लागते, मला ठाऊक आहे. मागच्या वर्षीही तुम्ही तिथंच होतात!

मंडळी, ऐका. आज तुम्हाला एकच प्रश्न विचारतो. माणसाला खरं दुखणं असतं. खरं म्हणजे अगदी खरं, हाड मोडलेलं! त्या खऱ्या दुखण्याला थोडं खोटं दुखणं जोडलं, तर एकूण दुखणं वाढतं की कमी होतं?

तुम्ही म्हणाल, महाराज, हे काय विचारता? दोनात एक मिळवला की तीन! थांबा. घाई करू नका. घाईवरच आख्यान आहे आजचं.

मी फिरतीचा माणूस. वर्षाला दीडशे गावं. आणि गावागणिक एक गोष्ट हमखास दिसते: फाटा, फाट्यावर चहाचं टपरं, आणि टपऱ्यात बसून मागच्या अपघाताची हकिगत सांगणारा एक जण. मी ऐकतो हो! आणि मनातल्या मनात टिपून ठेवतो. काय दिसलं सांगू? माणूस नाशिकहून नागपूरला जाताना पडत नाही. दळण आणायला जाताना पडतो! "कुठं लांब जायचंय? इथंच तर!" हे 'इथंच' फार वाईट ठिकाण आहे. हेल्मेट? आहे ना! कोपरात अडकवलेलं. कोपर अगदी सुरक्षित! वेग किती होता? चाळीस! आजवर मला चाळीसच्या वर पडलेला माणूस भेटलेला नाही. आणि दोन्ही बाजू ऐकल्या तर हा म्हणतो, "मी उभाच होतो." तो म्हणतो, "मी तर थांबलोच होतो." म्हणजे दोन उभ्या गाड्या एकमेकींना भेटायला गेल्या!

हसू नका. तुमच्यातलेच आहेत.

आणि दुखापतीचं काय होतं बघा. पहिल्या दिवशी पाय. तिसऱ्या दिवशी पाहुणे येतात. पाठ सुरू होते. आठव्या दिवशी एखादा जाणकार येतो, मान लचकते! पडला एकदाच, पण लागतं महिनाभर!

तर कोंढारपिंपरी नावाचं गाव. गावात भानुदास गुंजाळ. फरशी बसवण्याचं काम. हात असा, की त्यानं घातलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर तिनं विचार करावा, कुणीकडं जाऊ? पण हे काम करायचं कसं? उकिडवं बसून! सकाळी आठला बसला की संध्याकाळी पाचला उठायचा. माणूस हातानं कमावतो म्हणतात. भानुदास कमवायचा गुडघ्यावर.

गावात सप्ताह बसलेला. चौथा दिवस. भानुदास तालुक्याहून मोटारसायकलवर परत येतोय. सहाचा हरिपाठ गाठायचा. पावणेसहा झालेले. आता हायवे झाल्यापासून गंमत अशी, की गाव डोळ्यासमोर उजव्या हाताला, आणि दुभाजकाची फट पुढं एक किलोमीटरवर! तिथून वळून मागं यायचं. पण अलीकडं कुणीतरी दोन दगड काढून वाट केलेली. तिथून घुसलं आणि पलीकडं पन्नास पावलं उलट गेलं, की गावाचा रस्ता. सगळं गाव तसंच जातं. भानुदास गेला. देवाच्या नावानं उलट्या बाजूनं!

समोरून टोमॅटोचा पिकअप. ड्रायव्हरच्या एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्या हातात फोन. विचारतोय, "आज काय भाव फुटला?" भाव फुटायचा तेव्हा फुटला असेल, भानुदासची गुडघ्याची वाटी फुटली! उजवी. रस्ताभर टोमॅटो.

दवाखाना झाला. तारा घातल्या. डॉक्टर म्हणाले, "चालाल. पण उकिडवं बसणं विसरा. पुढं आणखी एक ऑपरेशन केलं तर थोडं वाकेल, पण फार आशा नको." मंडळी, गवयाला सांगावं की जगशील, फक्त गाऊ नकोस, तसं झालं. भानुदास भिंतीकडं तोंड करून पडला. त्याची बायको मंदा पायाशी बसली. दोघांच्या मनात एकच: आता चूल कशावर पेटायची?

एकच आधार होता. पिकअपचा विमा. त्या विम्यातून भरपाई मिळाली तर ऑपरेशन होईल, चार महिने निघतील. नाही मिळाली, तर थापी आणि लेव्हल-पट्टी विकायला काढायची.

आणि इथं प्रवेश झाला पोपटरावांचा!

पोपट औटी हा मंदाचा धाकटा भाऊ. बहिणीच्याच गावात राहायचा. तालुक्याला कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान. तालुक्यातल्या सगळ्या अपघातांचे दावे याच्या मशिनीखालून गेलेले. कागद जिकडून जातो तिकडं थोडी शाई लागतेच. पोपटरावांना कायद्याची शाई लागलेली! त्यानं एक तयार नमुना ठेवला होता. नाव बदलायचं, गाडीचा नंबर बदलायचा, बाकी तेच: 'अर्जदार आपल्या बाजूने सावकाश जात असता, समोरील वाहन भरधाव वेगाने...'

"दाजी," तो म्हणाला, "नुसत्या गुडघ्यानं काय होतंय? कंपनी गुडघ्याला किंमत देत नाही. मान घ्या!"

"मान दुखत नाही रं."

"दुखायला कशाला पाहिजे? पट्टा घातला की दिसते. आणि तुम्ही उलट्या बाजूनं आलात हे बोलायचं नाही. आपल्या बाजूनं, सावकाश!"

"आणि हे कोण?" भानुदासनं अर्जातली ओळ दाखवली. "मागं बसलेला इसम, पोपट औटी?"

"मीच की! माझा मणका गेलाय. एका घरात दोन दावे. माझं आलं की निम्मं तुमचंच."

मंदा भांडी घासत होती. तिथूनच म्हणाली, "पोपट्या, गुडघा मोडलाय तेवढं पुरं नाही का? तुझा मणका कशाला मधी?"

"आक्का, तू कोर्टासमोर बसलीयस का पंधरा वर्षं?"

भानुदासला पटत नव्हतं. पण पडून राहिलेल्या माणसाला उभा असलेला प्रत्येक जण शहाणा वाटतो! त्यानं पोलिसांत तसाच जबाब दिला, अर्जावर सही केली. कागद तालुक्याला गेले. गावात कुणाला पत्ता नाही.

पाच महिने गेले. प्रकरण लोकअदालतीत तडजोडीला लागणार, त्याआधी विमा कंपनीचा तपासनीस चौकशीला आला. तांबोळी साहेब. साधा माणूस, आला, चपला काढल्या, आधी पाणी मागितलं. पोपटनं भानुदासच्या गळ्यात पट्टा घट्ट केला, स्वतः कमरेवर हात ठेवून कण्हत बसला. आणि शहाणपण बघा! दोन शब्द चांगले बोलायला गावचं मोठं माणूस हवं, म्हणून तात्या कोळप्यांना स्वतः जाऊन घेऊन आला. तात्या म्हणजे सप्ताहाचे कारभारी. पांढऱ्या मिशा, आवाज असा, की स्पीकरवाल्याचं भाडं वाचावं.

तांबोळींनी अर्ज उघडला. वाचला. हसले. "हा मजकूर मी या तालुक्यात अकराव्यांदा वाचतोय. अकराही जण आपापल्या बाजूनं सावकाश. मोठा शिस्तीचा तालुका आहे तुमचा!"

पोपट म्हणाला, "आई गं!" कुठं दुखलं कोण जाणे.

"तुम्ही मागं बसला होता?"

"व्हय साहेब. मणका."

"वेळ?"

"पावणेसहा. संध्याकाळ."

तांबोळी लिहिता लिहिता थांबले. कपाटाच्या दारावर सप्ताहाची पत्रिका चिकटवलेली. तुमच्या घरात नाही का? सप्ताह होऊन वर्ष होतं तरी ती निघत नाही. खळ चांगली लावता! साहेब उठले, चष्मा वर केला, अपघाताच्या तारखेवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"चौथा दिवस. वीणेचा पहारा. सायंकाळी पाच ते सात — श्री. पोपटराव औटी."

मंडळी, पोपटरावांचा कमरेवरचा हात आपोआप छातीशी गेला, जणू वीणाच सावरायला!

आता तुम्हाला सांगायला नको. सप्ताहात वीणा सात दिवस, सात रात्री खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. घेणारा आला नाही, तर देणाऱ्यानं उभं राहायचं, पायाला मुंग्या येवोत की डोळ्याला झापड!

पोपट सावरला. "साहेब, छापायला काय, कुणीही छापतं. त्या दिवशी मी पहाऱ्याला नव्हतोच. दाजींच्या गाडीवर होतो!"

आणि तात्या उठले!

"नव्हतास?"

"तात्या, म्हणजे..."

"नव्हतास? मग पाच ते सात वीणा कुणाच्या गळ्यात होती? आरं, छप्पन्न वर्षं! छप्पन्न वर्षं या गावची वीणा भुईला लागली नाही. माझ्या बापानं तापात उभं राहून धरली. आणि तू गाडीवर बसून गेलास? वीणा टेकवलीस खाली? बोल! आत्ता पारावर माणसं गोळा करतो!"

बघा कसा अडकला! वीणा धरली म्हणावं, तर मणका गेला. मणका धरावा, तर वीणा गेली! एकीकडं विमा कंपनी, दुसरीकडं कोंढारपिंपरी. कंपनी फार तर दावा फेटाळील. गाव पाणी पाजायचं बंद करील! पोपटराव ताडकन उभे राहिले. मणक्यासकट! आणि तात्यांच्या पायावर असे वाकले, असे वाकले, की डॉक्टरनं टाळ्या वाजवाव्यात.

"नाही तात्या! शपथ घेतो, वीणा माझ्याच गळ्यात होती! पाच ते सात! हललो नाही!"

"मग गाडीवर कोण होतं?" तांबोळींनी हळूच विचारलं.

"कुणी नव्हतं," पोपट जमिनीकडं बघत म्हणाला.

तुम्ही हसता. पण भानुदासकडं बघा जरा. तो हसला नाही. कारण तांबोळींनी पेनाला टोपण लावलं, फाइल मिटली. म्हणाले, "भानुदासराव, वाईट वाटतं. एक गोष्ट खोटी निघाली की मला सगळीकडंच शंका लिहावी लागते. गुडघासुद्धा."

गुडघासुद्धा! मंडळी, अख्ख्या घरात एकच गोष्ट खरी होती, तिच्यावर शंका! पाच महिने रात्ररात्र ठणकणारा गुडघा, त्याला आता पुरावा मागणार!

भानुदासनं गळ्यातला पट्टा ओढला. कर्र आवाज झाला. पट्टा पोपटच्या मांडीवर टाकला. "साहेब, टोपण काढा. आता मी सांगतो, तसं लिहा. मान ठणठणीत आहे. मागं कुणी नव्हतं. आणि मी आपल्या बाजूनं नव्हतो. पन्नास पावलं उलट आलो. हरिपाठाला उशीर होत होता, म्हणून आलो, आणि रोजच येतो. माझी चूक."

"दाजी! काय करताय? हे सांगितलं तर पैसे कापतात!"

"कापू दे! माझ्या खऱ्या गुडघ्याला कुणी खोटा म्हणू नये." मग साहेबांकडं वळला. "पण तो पिकअपवाला फोनवर बोलत होता, हेपण लिहा. फाट्यावरच्या टपरीवाल्यानं बघितलंय, त्याला विचारा. आणि आता मला उकिडवं बसायला सांगा."

"कशाला?"

"सांगा तर!"

भिंतीला धरून तो वाकायला लागला. अर्ध्यावर गेला. पाय थरथरला. कपाळावर घाम आला. तिथून पुढं गुडघा जाईना. ज्या माणसानं चारशे घरांची जमीन बसून घातली, तो स्वतःच्या घरात बसू शकत नव्हता! मंदा धावली, त्याला धरून खाटेवर बसवलं. मग आत गेली आणि गुडघ्याचा एक्स-रे आणून खिडकीला धरला. "बघा साहेब. ह्या तारा. ह्याची झेरॉक्स निघत नाही!"

तांबोळींनी बोटानं तारा मोजल्या. टोपण काढलं. "पोलिसात जाऊन जबाब दुरुस्त करा," म्हणाले. "बोलणी बसतील. बसू द्या. टपरीवाल्याकडं मी आत्ताच जातो. आणि एक सांगतो. अकरा अर्जांत 'माझी चूक' हे शब्द आज पहिल्यांदा लिहितोय."

पुढं काय झालं? बोलणी बसली, भानुदासनं मान खाली घालून ऐकून घेतली. पोपटचा दावा मागं घेतला. न्यायाधीशबाईंनी त्याला असं झापलं, की कोर्टासमोर दुकान असून तो महिनाभर मागच्या दारानं जायचा. भानुदासच्या भरपाईतून, उलट्या बाजूनं आला म्हणून, शंभरातले तीस कापले. सत्तर मिळाले. तात्या म्हणाले, "भानुदासा, महागात गेली की तुझी पन्नास पावलं!" तो म्हणाला, "तात्या, सत्तर मिळाले ते खऱ्या गुडघ्याचे. खोटी मान धरून बसलो असतो तर गुडघाही गेला असता."

ऐकलंत? दोनात एक मिळवला, तर तीन नाही झाले. शून्य व्हायची वेळ आली!

ऑपरेशन झालं. गुडघा थोडा वाकतो. भानुदास आता उभ्यानं भिंतीची फरशी बसवतो. आणि खालची? खालची बसवायला मंदानं भावाला लावलाय! शनिवार-रविवार पोपटराव दुकान बंद करून दिवसभर उकिडवे. संध्याकाळी उठताना पाठ धरतात, तर मंदा विचारते, "काय रं, मणका? खरा का अर्जातला?"

आता मंडळी, पोपटवर पुष्कळ हसून झालं. तुमच्याकडं वळतो. तुम्ही देवळात येता, हात जोडता आणि देवापुढं आपला अर्ज ठेवता. मीही ठेवतो. त्यात काय लिहिलेलं असतं? सून अशी, भाऊ तसा, शेजारी तिसराच! आपण तेवढे निर्दोष! एक दुखणं खरं असतं, पाच शेजाऱ्याकडून उसनी घेतलेली. देवाला काय तपासनीस पाठवावा लागत नाही. पण तुम्हीच विचार करा: एवढ्या खोट्या दुखण्यांच्या गर्दीत तुमचं खरं दुखणं त्यानं शोधायचं कुठं?

म्हणून आज एवढंच करा. हात जोडा. जेवढं मोडलंय तेवढंच सांगा. आणि त्यात आपली चूक किती, तेही आपणच सांगा; दुसऱ्यानं पत्रिका वाचून दाखवायच्या आत. काय कापलं जाईल ते जाऊ द्या. जे उरेल ते तुमचं.

उठा मंडळी, आरतीला उभे राहा. सावकाश. खांबाआडच्या काकांना कुणीतरी हलवा!