सेंदाईतला वन्स मोअर

माझं चुकलं की नाही, ते तुम्हीच सांगा. जपानात सेंदाईला मुलीकडे गेलो होतो, तेव्हा तिने एका छोट्या कॉफीच्या दुकानात गाणं ऐकायला नेलं. गायक जपानी, ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी रॉकबिली गायचे, म्हणजे गिटारवरचं जुनं, उडत्या चालीचं अमेरिकी गाणं. एकच रेकॉर्ड निघाली, ती कोणी घेतली नाही, मग जन्मभर लोकांचे केस कापले.

खुर्चीत बसून त्यांनी त्या रेकॉर्डमधलंच गाणं म्हटलं. माझ्या अंगावर काटा आला. लोकांनी हळूच टाळ्या वाजवल्या आणि मी आपल्या नाटकांच्या सवयीने ओरडलो, "वन्स मोअर!"

सगळे वळून बघायला लागले.

"बाबा, इथे असं ओरडत नाहीत!" मुलगी कुजबुजली. "त्यांना दम लागलाय, दिसत नाही का?"

त्यांना काही झालं तर?

ते मात्र उठले, पांढऱ्या केसांतून कंगवा फिरवला आणि उभ्याने, गुडघे नाचवत, आधीपेक्षा वरच्या पट्टीत गायले. माझे हात आपोआप जोडले गेले.

मग त्यांनी वाकून मुलीला काहीतरी विचारलं. ती हसू दाबत म्हणाली, "बाबा, मघाचं ते पुन्हा ओरडाल का, म्हणताहेत."