सायगॉनचा लसूणभात, झावळ्यांचं घर

माझं माहेर हर्णैच्या अलीकडचं, बापूस मचव्यावर, भाऊ मचव्यावर, आणि मला मात्र दर्याची भीती, लाट आली की मी आयशीच्या पदरात शिरायची. आणि नशीब बघा, नवरा मिळाला तो बोटीवरचा भंडारी, म्हणजे खलाशांचं जेवण रांधणारा. त्यांची बोट माल घेऊन व्हिएतनामला जायची, सायगॉनला, तिथं धक्क्यावर एक बाई भात परतायची, तिच्याकडनं यांनी लसूणभात शिकून घेतला. मग एकदम बोट सोडली, दुबईत एका मेसमध्ये लागले आणि मला बोलावून घेतलं. मला वाटलं, माझ्यासाठी सोडली. मनातल्या मनात लय सुखावले होते मी.

तेवा दुबईच्या देरा भागात आमचं घर खजुराच्या झावळ्यांचं, भिंती झावळ्यांच्या, छप्पर झावळ्यांचं, काय सांगू तुम्हाला, काडी ओढली तरी माझा जीव वर यायचा. शेजारची उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई, अरब बाई, पण मायाळू, ती हातवारे करून सांगायची की चूल बाहेर, चूल बाहेर. आम्ही बाहेरच रांधायचो.

त्या दिवशी शुक्रवार, यांना सुट्टी, आणि वारा असा की डोळ्यांत रेती. हे म्हणाले भातात रेती जाईल, आज घासलेटचा स्टो आत घेऊ. यांनी लसूण ठेचली, तेलात सोनेरी केली, काळी पडली की कडू होते म्हणून झटकन काढली, मग कालचा भात हाताने मोकळा करून टाकला, वरून अंडं आणि सायगॉनसारखं खारवलेल्या माशाचं पाणी, त्याला सुकटीसारखा वास. तेवढ्यात वाऱ्यानं दारावरचं गोणपाट उडालं, स्टोची ज्योत आडवी झाली आणि भिंतीनं पेट घेतला.

झुबेदा माझी तान्ही, त्याच भिंतीला तिचा पाळणा. मी तिला उचललं, धावत बाहेर उम्म सालेमच्या हातात दिलं, मागं बघते तर हे आतच, हातात कढई, हलत नाय, बोलत नाय. जी बाई लाटेला भ्यायची ती परत आगीत गेली बघा. मी यांचा सदरा धरून ओढला, म्हटलं, अहो, भात राहू दे, भिंत पाडा. तेवा कुठं भानावर आले. उम्म सालेमची माणसं आली, सगळ्यांनी मिळून भिंत ओढून पाडली, वर रेती टाकली. अल्लाची मेहरबानी, एवढ्यावर निभावलं.

मग हे रेतीत बसले. म्हणाले, सायगॉनला आमच्या बोटीच्या बाजूचा मालाचा पडाव पेटला होता गं, माणसं जळत पाण्यात उड्या मारत होती, मी तेवा डेकवर लसूण सोलत होतो. म्हणून बोट सोडली, परत दर्यावर जायची हिंमतच नाय झाली.

म्हणजे माझ्यासाठी नाय. पण काय सांगू, मला वाईट नाय वाटलं. तोवर त्या घरात एकटी मीच भित्री, असं मला वाटायचं.

आता हे नाहीत. मी झुबेदाकडे शारजात असते, कितव्या तरी मजल्यावर, विजेची शेगडी, ज्योतच दिसत नाय. तरी लसूण तेलात असेपर्यंत मी तिथनं हलत नाय. नात म्हणते, नानी, रिलॅक्स, देअर इज नो फायर. मी तिच्या डोक्यावर हात ठेवते आणि म्हणते, अल्ला तुला न घाबरताच म्हातारी करो.