नदीकाठच्या गवऱ्या

बाळांनो, डोळ्यांपुढे आणा: वडगाव रासाईला भीमेकाठी शाळेच्या मुलींचं शिबिर आहे आणि स्वयंपाकाचा गूळ घ्यायला खुर्शिद गावातल्या दुकानात उभी आहे. तिच्यापुढे दोन बाया बोलताहेत.

"साखरबाई, तोंड का गं उतरलंय?"

"बिबीजान, नदीवरल्या माझ्या गवऱ्या गेल्या. म्या सुनेवरच आळ घेतला, माहेरी धाडल्यास म्हून."

"वरवंडला? पोस्टानं धाडल्या व्हय?"

"हसू नगं. पोरगी कालपासनं जेवली न्हाई."

"मग नेल्या कुणी?"

खुर्शिदचे कान तापले. बेवारशी समजून तिनंच त्या गवऱ्या चुलीसाठी उचलल्या होत्या.

गूळ तसाच सोडून तिनं साखरबाईंचा पदर धरला. "मावशी, गवऱ्या मी नेल्या. मला तुमच्या सुनेकडं न्या."