अकरावा ठिपका

थांबा, काका — तो कटर आधी खाली ठेवा. हं. चित्र कापायचं नाही म्हणजे नाही. फ्रेम लहान पडतेय ना, मग मोठी काढा! म्हणे कडेचे डाग जातील, स्वच्छ दिसेल — डाग कसले, देठाचा हिरवा सापडेपर्यंत आत्यानं लावून बघितलेले ठिपके आहेत ते, मोजा हवं तर, अकरा. दहा चुकले, अकरावा देठात गेला. हे फूल दुपारी मिटतं, म्हणून तीन दिवस सकाळी सहाला कॉलेजची प्रयोगशाळा उघडून हे काढत बसायची ती — बाटल्या विसळणारी बाई, एवढीच तिची तिथं ओळख — आणि उद्या रिटायर होतेय. उद्या त्याच खोलीत हे लावणार मी, अख्खं. प्राचार्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

काय? रंगवायचं राहिलंय? अहो, फूलच पांढरं आहे! जलरंगात पांढरा म्हणजे कागद, तो कोरा सोडायचा — कडेला एवढीशी सावली, पाण्याइतकी पातळ, आणि तिथंच हात आवरायचा. हात आवरणं सोपं वाटतं तुम्हाला? चार वर्षं इतक्या लांब जाऊन शिकले मी, मला अजून जमत नाही. तिला तर कुणी शिकवलंही नव्हतं. बघा ना, पाचही पाकळ्या, नुसता कागद —

दिव्याखाली तिरकं कशाला धरताय? ...हो. ती डावीकडची. चुना फासल्यासारखी दिसते, माहितेय मला. पहिल्या सुट्टीत आले होते, नवाकोरा रंगांचा डबा घेऊन. आत्या चहा टाकायला उठली आणि मला वाटलं, बिचारीकडे पांढरा रंग नसेल, आपण पुरं करून देऊ — मोठी शिकलेली ना मी! एक पाकळी झाली आणि ती आली. बघितलं. 'छान' म्हणाली. मग ब्रश धुऊन, पुसून कपाटात ठेवला — माझा नाही, तिचा — आणि पुन्हा कधी... जाऊ दे.

नाही! खरवडायचं नाही. तिचे दहा चुकलेले ठिपके लोकांना दिसणार, तर माझी पाकळीही दिसू दे. कुणी केलं विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तरी सांगेन, तिच्यासमोर.

फ्रेमची मोठी पट्टी काढा. आणि माझ्याकडे नका बघू, काका. माप घ्या.