गाळलेली चार पानं

मुलांना गोष्टीतला मागचा काळ झेपत नाही, असं मी बरीच वर्षं छातीठोकपणे सांगायचे. आता नाही सांगत.

सातवीच्या वर्गाला मी कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवत होते. कुणाच्या जुन्या आठवणी सुरू झाल्या की मी सरळ पानं उलटायचे. पोरांना पुढं काय झालं तेच हवं असतं, अशी माझी खात्री.

त्या कादंबरीत एक आजोबा होते. घरात कोणी दाराला कडी लावली की ते थरथरत ओरडायचे. वर्ग खो खो हसायचा. खोटं कशाला बोलू, मीही त्यांचा आवाज काढून वाचायचे.

एकदा सानिका नावाची मुलगी ते पुस्तक घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिनं ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

"मॅडम, चार पानं काहून गाळली तुम्ही? लहानपणी त्यायच्या घराले आग लागली होती. बहीण आत होती, अन् दाराले कडी होती. आपण सारे त्यायले हसून राहिलो होतो."

मी ती पानं उघडली. उगाच विचारलं, "पण तू पुस्तक घरी कशाला नेलंस?"

"माझे बाबा बुटीबोरीले कंपनीत होते. आता घरीच असतात. कुकरची शिट्टी झाली का पळत अंगणात जातात. काहून, ते सांगत नाही. म्हटलं, या आजोबाचं तरी कुठं लिहिलं असन."