म्हाळूबाबाची सुरी आन् माझं मराठी

...आता 'टोचलं' लिव्हलं असतं तर काय बिघडलं असतं, सांगा ना! न्हाई, तुमी सांगा! पोरीचं कान टोचतात, बैलाचं नाक टोचतात, दवाखान्यात इंजेक्शन टोचतात, त्याला कुनी पोलीस बोलावतं का? पन आपल्याला साधं लिव्हायची सवय कुठं हाय! सरपंचाच्या बापाचं श्रद्धांजलीचं भाषण म्या लिव्हलं, तवा मेलेल्याचे भाऊबंद बी रडले, ज्यांनी जित्यापनी त्याच्यावर तीन दावे लावलते! तवापासून जी हवा डोक्यात शिरली...

तुम्हाला सांगतो, दुष्काळाचं साल. नांदूरघाटच्या अलीकडं आमचं गाव. हिरी आटल्या, बोअर मारलं की नुसता फुफाटा, आन् आमच्या दूध सोसायटीनं माळावर जनावरांची छावनी काढलेली. तिथला कारकून कोन? मी, शहादेव! कोनतं जनावर आलं, कोनतं गेलं, कोनाला ढाळ लागली, समदं लिव्हून तहसीलात पाठवायचं. चेरमन अर्जुनराव म्हनायचे, "शहादेव, तुझा रिपोर्ट आला की तिथं चहा मागवून वाचतात बे!" झालं! चढलो की मी हरबऱ्याच्या झाडावर!

तर एक दिवस सकाळी ट्रक आला लसूणघासाचा. वला, हिरवागार! चार महिने उसाचे तुकडे चघळलेली जनावरं ती, दम कुठला निघतोय? चतुराबाईची गाय दावं तोडून ढिगात शिरली आन् नरड्यापस्तोर खाल्लं. तासाभरात डावी कूस अशी वर आली, टिचकी मारली की ढोलकी वाजावी! चतुराबाई एकटी बाई, तिचं घर त्या गाईच्या दुधावर, ती ऊर बडवायली, डॉक्टरचा फोन लागंना, अर्जुनराव नुसते, "आरं बघा की बे कुनीतरी!" म्हनत गाईभोवती फिरायले... आन् म्हाळूबाबा आला. सत्तरीचा मानूस, समदी हयात मेंढरामागं गेलेली. कुशीवर वीत ठिवली, बोटानं जागा चाचपली, कमरेची सुरी काढली, चुलीतल्या इंगळावर धरली आन् सप्! काय वारा सुटला म्हनता! वास असा की चेरमन नाक धरून पळाले! दुपारी गाय रवंथ करायली, चतुराबाईनं म्हाताऱ्याच्या पायावर डोकं ठिवलं.

हितंच थांबली असती गोष्ट तर किती गोड होती! पन मला रिपोर्ट लिव्हायचा होता ना!

बसलो. 'म्हाळूने गाईच्या पोटात सुरी...' पुढं काय? घातली? छ्या, साखर चहात घालतात! खुपसली? विळा कुडात खुपसतात. रोवली? खुंटा रोवतात. टोचली? ते तर सोनाराचं काम! म्हनलं, एवढा जीव वाचला, शब्द कसा दनकेबाज पायजे, पेपरात असतो तसा! आन् लिव्हलं झोकात, सुरीचा सुरा करून: 'म्हाळू याने धारदार सुऱ्याने सदर गाईस भोसकले.' खाली रेघ बी मारली! आन् गाय वाचली हे... तुम्हाला सांगतो, पान संपलं हो! ते पाठीमागं लिव्हलं. सरकारात पान कोन उलटतंय?

टोचलं लिव्हलं असतं तर काय बिघडलं असतं?

तिसऱ्या दिवशी जमादार हजर. "गाय भोसकनारा कोन हाय बे?" म्हाळूबाबा म्हनला, "साहेब, म्या वारा काढला तिचा." "मंग कागद खोटा बोलतो का?" आन् समदी छावनी माझ्याकडं बघायली. म्हाताऱ्याला नेलं, ठान्यात बाकड्यावर बसविलं. चतुराबाईनं काय करावं? गायच घेऊन ठान्यात! "हिलाच इचारा, मेली का जिती हाय!" गाईनं पायरीवर शेन टाकून जबाब दिला. जमादाराला पटलं, पन वरून कागद आलेला ना! म्हनला, "पुन्हा असं करनार न्हाई, असं हमीपत्र द्या, सोडतो." लिव्हनार कोन? मीच की!

मला वाटलं, आपली चूक आपन निस्तरू, असं पक्कं लिव्हू की म्हाताऱ्याला पुन्हा कुनी ठान्यात बोलवायला नको. लिव्हलं: 'मी यापुढे कोणत्याही जनावरास भोसकणार नाही, खुपसणार नाही, टोचणार नाही, भोक पाडणार नाही, छेद देणार नाही, वा अन्य कोणत्याही प्रकारे...' जमादार म्हनला, "व्वा!" बाबाला वाचता येत न्हाई, म्हनून मोठ्यानं वाचून दाखविलं. मान खाली घालून आइकलं त्यानं, अंगठा दिला. तवापासून छावनीत लांब बसायचा. माझा रामराम घ्यायचा, पन बोलायचा न्हाई.

आन् आठ दिवसांनी माझी गाय फुगली. माझी म्हंजे बायकोची, केसरबाईची, पाटोद्याच्या बाजारातून तिच्या भावानं घेऊन दिलेली. पळालो म्हाळूबाबाकडं. आला हो! सत्तरीचा मानूस पळत आला! वीत ठिवली, जागा धरली... आन् थांबला. "शहादेव, अंगठा दिलाय म्या."

"आवो बाबा, मारा की!"

"पुन्हा त्या बाकड्यावर न्हाई बसायचं मला. तूच बघ, एखादा शब्द कागदात घालायचा राहिला आसल तर त्या नावानं करतो."

आन् मी, तुम्हाला सांगतो, फुगलेल्या गाईपाशी उभा राहून शब्द हुडकायलो! चिरनं? छेदात आलं. फोडनं? 'अन्य कोणत्याही प्रकारे'! कावून लिव्हलं मी ते? कावून?

"मंग तू मार," म्हनला, सुरी दिली, माझं बोट धरून जागेवर ठिवलं. "हितं. सरळ दाब." आन् एवढे शब्द येनाऱ्या मानसाला एक सुरी दाबता येईना! सुरी कातड्यावरून घसरली. केसरबाई वरडायली, "आवो, दाबा की!" गाय गुडघ्यावर आली, आडवी झाली, तवा म्हाताऱ्यानं सुरी हिसकली, "जाळ तुझा कागद!" म्हनला आन् सप्! वारा सुटला... पन गाय गेलती.

म्हाताऱ्यानं माझ्यासाठी आपला शब्द मोडला आन् हाती काहीच आलं न्हाई. सुरी पुसली, गाईच्या डोळ्यावर हात फिरविला आन् गेला. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

टोचलं लिव्हलं असतं तर... जाऊ द्या.

केसरबाई म्हनली, "आता हे बी लिव्हा. लई येतंय ना तुमाला!" लिव्हलं. 'गाय मेली.' दोनच शब्द. उभ्या जन्मात एवढं साधं आन् एवढं खरं म्या लिव्हलं न्हवतं. पंधरा दिवसांनी तहसीलातून कागद परत आला, वर लाल शाईचा शेरा: 'अहवाल त्रोटक आहे. नेहमीच्या कारकुनाकडून लिहून घ्यावा.'