उद्धवच्या चॅनेलवर

—नेट बंद होतं, एवढंच ना काका? मग उभे कशाला, बसा की. पिशवी ठेवा खाली. कनेक्शन कुणाचं, उद्धवचं? हाव, मग बंदच असणार. तुम्ही वडीलधारे म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका — मीच बंद पाडलंय ते.

इकडून बघा. समोरच्या बिल्डिंगीवर, टाकीपाशी, पांढरी डिश दिसायली? ती उद्धवची. अन् आमच्या गच्चीवर तिच्या तोंडाला तोंड लावून बसलेली हाय ती माझी. तिच्यावर एकबी गिऱ्हाईक न्हाई. तिला कामच एक — उद्धवच्या चॅनेलवर फुल पॉवरनं बोंबलायचं. चॅनेल म्हणजे टीव्हीचं न्हाई हो, हवेतली वाट समजा. तुम्ही मोंढ्यात सोयाबीन घेऊन जाताव ना? सौदा चालू हाय, भाव पुकारायलेत, अन् तुमच्या कानाला लागून दुसराच कुणी उगं भाव पुकारायला लागला — काय ऐकू येणार? काईच न्हाई. नेटचंबी तसंच. ते तुकड्या-तुकड्यानं जातं. तुकडा पोचला की पलीकडून ‘पोचला’ म्हणून निरोप येतो. न्हाई आला की डिश तोच तुकडा पुन्हा धाडती, पुन्हा धाडती, मरूस्तोवर. उद्धव कालपासून टाकीवर चढायलाय, केबलच बदलायलाय. मी खालून विचारलं, काय झालं भाऊ, चहा धाडू का.

उगं न्हाई करायलो काका. हे नेटचं दुकान आमचं दोघांचं होतं. आईच्या हातचं जेवायचा तो. माझ्या बहिणीची, इंदूची, त्याच्यासंगं सुपारी फुटली, बस्ता बांधला, हॉल ठरला — अन् ह्यानं नांदेडची पोरगी केली. का, तर सासरा टॉवर उभा करून द्यायला तयार. अन् नकार कसा कळवला? व्हॉट्सॲपवर. माझ्याच वायफायवरून, माझ्यासमोर बसून. इंदूनं बस्त्याच्या साड्यांची गाठ कालपर्यंत सोडली नव्हती.

बरं, काल दुपारी तिला दुसरं स्थळ होतं. मामांनी आणलेलं. पोरगा पुण्याला, आई-बाप चाकूरकडं. आधी आम्हीच घरून व्हिडिओ कॉल लावून बघू म्हणले, उगं गावभर चर्चा नको. इंदूनं त्यातलीच एक साडी काढली काका. स्वतःहून. मी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून दिला. बसली. बसूनच राहिली. फोनच न्हाई. पोहे गार झाले, आई आत जाऊन रडायली. मी वळखलं — उद्धवची भानगड कानावर गेली असणार, टाळायलेत. मामा काहीतरी सांगायलते, मी ऐकलंच न्हाई, पोराकडच्यांचा नंबर ब्लॉक करून टाकला. पण त्या पोराच्या बापाला, किशनरावला, मी सोडत न्हाई. तोंड पाहिलं न्हाई अजून, पण सापडू द्या. उद्धवसारखंच, हळूहळू, कळूबी द्यायचं न्हाई कुठून मार बसायलाय ते.

जाऊ द्या. तुमचं बोला. माझं नेट घ्या, डिश तुमच्या बाजूला फिरवून देतो. घर कुठं? — चाकूरच्या पुढं. शेतात. मोबाईलला रेंज न्हाई म्हणून वायफाय घेतलं, हाव, तिकडं सगळ्यांचं तसंच हाय.

काल दुपारी कुणाला लावायचा होता म्हणले फोन?

काका, पिशवीत नारळ हाय तुमच्या.

म्हणजे तुम्ही कनेक्शनसाठी न्हाई… किशनराव तुम्हीच. मामांनी दुकानाचा पत्ता दिला. मग आधी बोलायचं ना — न्हाई, बोलतच होताव तुम्ही. मीच…

हात नका जोडू. तुम्ही कशाला माफी मागायलाव. खाली घ्या ना हात, काका.

बसा इथंच. मी गच्चीवर जाऊन आलो.